पाणमांजर आणि न दिसणारं प्रदूषण : अन्नसाखळी व जलप्रदूषण एकत्र शिकवताना



चौथी-पाचवीच्या मुलांना "पाणी कशामुळे दूषित होतं?" असं विचारून बघा. उत्तरं ठरलेली असतात. नदीत कपडे धुतल्यामुळे, गुरं धुतल्यामुळे, निर्माल्य टाकल्यामुळे, प्लास्टिक टाकल्यामुळे. ही उत्तरं चूक नाहीत. पण यातलं प्रत्येक प्रदूषण डोळ्यांना दिसणारं आहे. शिवाय ज्या मुलाची आई नदीवर धुणं धुते, ते मूल ही उत्तरं ऐकताना गप्प होतं. प्रदूषण करणारे म्हणजे आपलेच आई-बाबा, असं त्याच्या मनात बसतं. पाण्यात विरघळलेलं, कुणालाच न दिसणारं विष मात्र या यादीत क्वचितच येतं.

याचं एक कारण मला असं वाटतं की आपण अन्नसाखळी एका पाठात शिकवतो आणि जलप्रदूषण दुसऱ्या पाठात. दोन्ही पाठ स्वतंत्रपणे पूर्ण होतात, स्वाध्याय लिहून होतो, पण त्या दोन्हींचा एकमेकांशी संबंध आहे हे मुलांना कळत नाही. हे दोन्ही पाठ जोडणारा एक प्राणी आपल्याकडे आहे : पाणमांजर. आजच्या लेखात त्याची माहिती, एक खरी घडलेली गोष्ट आणि वर्गात घेता येईल असा एक खेळ देत आहे. मी हा भाग दोन तासिकांत घेते.

पाणमांजर म्हणजे कोण?

आधी नावाचा घोळ मिटवूया. पाणमांजर हे मांजर नाही. ते मुंगसासारखं दिसतं, पण मुंगूसही नाही. हिंदीत याला 'ऊदबिलाव' म्हणतात. मराठीत 'उदमांजर' म्हणजे मात्र वेगळाच प्राणी, झाडावर चढणारा, रात्री फिरणारा. त्यामुळे हिंदी पुस्तकातून माहिती घेताना काळजी घ्या, नाहीतर मुलं उदमांजराचं चित्र काढून खाली पाणमांजर लिहितात.

भारतात पाणमांजराच्या तीन जाती आहेत. कोकणातल्या खाड्यांत, गोव्यात आणि देशातल्या अनेक मोठ्या नद्यांत आढळतं ते गुळगुळीत केसांचं पाणमांजर. ते कुटुंबानं राहतं. आई, बाबा आणि वेगवेगळ्या वयाची पिल्लं मिळून शिकार करतात. दुसरं लहान नख्यांचं पाणमांजर. ते आकारानं सगळ्यात छोटं, डोंगरी ओढ्यांत राहणारं आणि खेकड्यांवर ताव मारणारं. तिसरं युरेशियन पाणमांजर. याचा पसारा युरोपपासून आशियापर्यंत आहे. आंतरराष्ट्रीय लाल यादीत पहिल्या दोन जाती 'असुरक्षित' गटात आहेत, तर तिसरी 'धोक्याच्या जवळ' या गटात. २०१९ साली पहिल्या दोन जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर कडक बंदी आली. आपल्या देशात वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली पाणमांजराला मारणं किंवा पकडणं हा गुन्हा आहे.

मुलांना आवडणाऱ्या काही गोष्टी : पायांच्या बोटांमध्ये बदकासारखे पडदे असतात. शेपूट सुकाणूसारखं वापरतं. पाण्यात बुडी मारताना कान आणि नाकपुड्या बंद करतं. अंगावर दाट केस असतात, त्यांत हवा अडकून राहते आणि त्यामुळे कातडी कोरडी राहते. आणि भूक जबरदस्त! साधारण आठ किलोचं पाणमांजर दिवसाला एक किलोच्या आसपास मासे खातं. इथे लगेच एक गणित घालता येतं. पाच जणांचं कुटुंब असेल तर महिन्याला किती मासे लागतील? उत्तर दीडशे किलोच्या आसपास येतं. मुलांचे डोळे मोठे होतात. मग विचारायचं, "एवढे मासे ज्या नदीत असतील ती नदी कशी असेल?"

उत्तर मुलंच देतात : चांगली असेल, जिवंत असेल. म्हणजे पाणमांजर दिसलं की समजायचं, इथं मासे आहेत, माशांना खायला किडे-शेवाळ आहे, किनाऱ्यावर लपायला जागा आहे. एका प्राण्यावरून अख्ख्या नदीची तब्येत कळते.

प्रदूषण पाणमांजरापर्यंत तीन वाटांनी पोचतं

फळ्यावर तीन बाण काढा.

पहिली वाट पोटाची. गावाचं-शहराचं सांडपाणी किंवा कारखान्याची मळी नदीत आली की ती कुजवताना जीवाणू पाण्यातला ऑक्सिजन संपवतात. मासे गुदमरून मरतात. कोल्हापूर-सांगलीकडच्या वाचकांना पंचगंगा आणि कृष्णेत मासे मरून वर आल्याच्या बातम्या काही नव्या नाहीत. मासेच नाहीत तर पाणमांजर काय खाणार? ते उपाशी राहतं किंवा निघून जातं.

दुसरी वाट कातडीची. तेल किंवा ग्रीस पाण्यावर तरंगत असेल तर ते केसांना चिकटतं. केसांतली हवा निघून जाते, पाणी थेट कातडीला लागतं. व्हेलसारखा चरबीचा जाड थर पाणमांजराला नसतो, त्यामुळे अंग गारठतं. केस चाटून साफ करायला गेलं तर तेल पोटात जातं.

तिसरी वाट अन्नसाखळीची. ही सगळ्यात अवघड, कारण पाणी नितळ दिसतं, मासेही पोहताना दिसतात, आणि तरी पाणमांजर मरतं. ही वाट समजावून सांगायला मी मुलांना इंग्लंडमधली गोष्ट सांगते.

इंग्लंडमधली पाणमांजरं कुठं गेली?

इंग्लंडमध्ये पूर्वी पाणमांजराची शिकार हा एक खेळ होता. त्यासाठी खास शिकारी कुत्रे पाळलेले असत. शिकारी मंडळी वहीत नीट नोंद ठेवत : आज किती वेळ फिरलो, किती पाणमांजरं सापडली. वर्षानुवर्षं आकडे साधारण सारखे येत होते. मग १९५७ च्या सुमारास ते एकदम घसरायला लागले. शिकार वाढली नव्हती, थंडीही नेहमीचीच होती. मग झालं काय?

पॉल चॅनिन आणि डॉन जेफ्रीज या दोन अभ्यासकांनी त्या जुन्या वह्यांचे आकडे तपासले आणि १९७८ साली निष्कर्ष मांडला. ज्या वर्षांत पाणमांजरं कमी होऊ लागली, त्याच्या जरासं आधी तिथे ऑल्ड्रिन आणि डिल्ड्रिन ही कीटकनाशकं वापरात आली होती. गव्हाच्या बियाण्याला कीड लागू नये म्हणून ती बियाण्याला चोळत. मेंढ्यांच्या अंगावरचे कीटक मरावेत म्हणून मेंढ्यांना या औषधाच्या हौदात बुडवून काढत. शेतकऱ्यांनी कुणाचं वाईट चिंतलं नव्हतं. पीक वाचावं, मेंढी वाचावी एवढाच हेतू होता.

पण या औषधांचे दोन गुण वाईट होते. एक, ती लवकर नष्ट होत नाहीत. दोन, ती पाण्यात फारशी विरघळत नाहीत, चरबीत मात्र साठतात. पावसाच्या पाण्याबरोबर ती ओढ्यात आली. किड्यांच्या अंगात गेली, किडे खाणाऱ्या माशांत गेली, वामसारख्या चरबीदार माशांत जास्त साठली, आणि शेवटी रोज किलोभर मासे खाणाऱ्या पाणमांजरात आली. आईच्या चरबीतलं विष दुधातून पिल्लांनाही मिळालं.

१९६२ पासून टप्प्याटप्प्यानं या औषधांवर बंधनं आली. १९७८ पासून इंग्लंडमध्ये पाणमांजराला कायद्याचं संरक्षण मिळालं. १९७७ ते १९७९ या काळात देशभर पाहणी झाली, तेव्हा २,९४० ठिकाणी शोध घेतला आणि फक्त १७० ठिकाणी पाणमांजराच्या खुणा सापडल्या. मुलांना शेकडेवारी काढायला लावा : शंभरात सहासुद्धा नाहीत. पुढे नद्या हळूहळू सुधारल्या. काही ठिकाणी पाळून वाढवलेली पाणमांजरं सोडलीही. २००९-१० च्या पाहणीत निम्म्याहून जास्त ठिकाणी खुणा मिळाल्या. आणि २०११ साली जाहीर झालं की इंग्लंडच्या प्रत्येक परगण्यात पाणमांजर परत आलं आहे. सगळ्यात शेवटी ते केंट परगण्यात पोचलं.

१९५७ ते २०११ म्हणजे किती वर्षं झाली? चोपन्न. मी मुलांना म्हणते, "१९५७ साली एखादा मुलगा तुमच्यासारखा चौथीत असेल, तर नदी पूर्ण बरी होईपर्यंत तो आजोबा झाला." बिघडवायला दोन-तीन वर्षं लागली, दुरुस्तीला अख्खं आयुष्य लागलं. पण दुरुस्ती झाली, हेही तितकंच ठासून सांगा. पर्यावरणाचे पाठ ऐकून मुलं बऱ्याचदा घाबरतात, "आता काहीच उरणार नाही" असं म्हणतात. त्यांना एक तरी अशी गोष्ट माहीत हवी, जिच्यात माणसांनी चूक ओळखली, थांबवली आणि प्राणी परत आला.

वर्गात घेण्याचा खेळ : चिंचोक्यांची अन्नसाखळी

साहित्य : १२० चिंचोके. त्यातले १२ लाल रंगानं रंगवून वाळवलेले. एक टोपली. मैदान किंवा व्हरांडा.

सतरा मुलं घ्या. १२ छोटे मासे, ४ मोठे मासे, १ पाणमांजर. बाकीची मुलं निरीक्षक. त्यांनी आकडे वहीत लिहायचे.

१. सगळे चिंचोके मैदानात विखरून टाका. हे नदीतलं शेवाळ आणि किडे. लाल चिंचोके म्हणजे विष लागलेले. ते काय आहेत हे आधी सांगू नका.

२. प्रत्येक छोट्या माशानं दहा-दहा चिंचोके वेचायचे. कुणाला एकही लाल येणार नाही, कुणाला दोन येतील.

३. आता सूचना द्या : साधे चिंचोके पचले, ते टोपलीत टाका. लाल पचत नाहीत, ते मुठीतच ठेवा.

४. प्रत्येक मोठ्या माशानं तीन छोट्या माशांना पकडायचं. पकडलेल्यानं आपल्या मुठीतले लाल चिंचोके त्याला द्यायचे आणि बाजूला बसायचं.

५. शेवटी पाणमांजर चारही मोठ्या माशांना पकडतं आणि त्यांच्याकडचे लाल चिंचोके घेतं.

पाणमांजराला मूठ उघडायला सांगा. बाराही लाल चिंचोके तिथेच! आता निरीक्षकांना विचारा : नदीत दहा चिंचोक्यांमागे लाल किती होता? एक. पाणमांजराच्या मुठीत साधा किती आहे? एकही नाही. विष वाढलं का? नाही, तेवढंच राहिलं, पण एका जागी गोळा झालं. हे वाक्य मुलांच्या तोंडून आलं की समजायचं पाठ पोचला. खेळातले आकडे खेळापुरते आहेत हे मात्र सांगा, खऱ्या नदीत प्रमाण वेगवेगळं असतं.

पटसंख्या कमी असेल तर ६० चिंचोके (६ लाल), सहा छोटे मासे, दोन मोठे मासे आणि एक पाणमांजर असा खेळ होतो. दिव्यांग मुलांना पळापळ जमत नसेल तर हाच खेळ गोलात बसून, वाट्या पुढे सरकवत घेता येतो.

नितळ पाणी म्हणजे शुद्ध पाणी नव्हे

मुलं इथे एक चांगला प्रश्न विचारतात : "बाई, मग पाण्याकडे बघून कळणारच नाही का?" अशा वेळी चंबळ नदीचं उदाहरण द्यावं. चंबळ ही उत्तर भारतातल्या स्वच्छ नद्यांत गणली जाते. तिथे सुसरी आहेत, लांब चिंचोळ्या तोंडाच्या, फक्त मासे खाणाऱ्या. हिंदीत त्यांना घडियाल म्हणतात. हा प्राणी जगात अतिसंकटग्रस्त आहे. २००७ च्या डिसेंबरपासून पुढच्या काही महिन्यांत चंबळमध्ये शंभराहून जास्त सुसरी मेल्या. तपासणीत त्यांची मूत्रपिंडं निकामी झालेली आढळली. संशय गेला तो यमुनेतून येणाऱ्या माशांवर, कारण चंबळ पुढे यमुनेला मिळते आणि यमुनेत मोठ्या शहरांचं सांडपाणी येतं. नेमकं विष कोणतं हे ठरलं नाही, पण मुद्दा मुलांना समजतो : नदीला कुंपण नसतं. एका नदीतला मासा दुसऱ्या नदीत जातो आणि पोटातून काय घेऊन जातो ते कुणाला दिसत नाही.

आपल्या खाडीत बघूया

आमची शाळा खाडीकाठी आहे, त्यामुळे मुलांनी पाणमांजर पाहिलेलं असतं किंवा घरात त्याच्याबद्दल ऐकलेलं असतं. बऱ्याचदा ऐकलेलं चांगलं नसतं. ते जाळी फाडतं, जाळ्यातले मासे पळवतं. ज्या घराची चूल मासेमारीवर चालते, त्या घराला हे नुकसान खरंच सोसवत नाही. अशा मुलासमोर "पाणमांजर किती गोड!" एवढंच सांगून चालत नाही. त्याचं म्हणणं वर्गात ऐकून घ्या. मग विचारा, "पाणमांजर नसलेल्या खाडीत तुझ्या बाबांना जास्त मासे मिळतील का?" ज्या पाण्यात पाणमांजराचं पोट भरत नाही, त्या पाण्यात कोळ्याचंही भरत नाही. दोघांचं नुकसान करणारा तिसराच आहे, हे मुलांच्या लक्षात येऊ द्या.

गोव्यात मांडवी नदीतल्या चोडण बेटावर डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य आहे. तिथल्या खारफुटीत आणि खाजण शेतांच्या बांधांवर पाणमांजरं वावरतात. शेती, मासेमारी आणि पाणमांजर एकाच ठिकाणी पिढ्यान् पिढ्या राहू शकतात याचं हे जवळचं उदाहरण. कोकणात कांदळवन शाबूत असेल तिथे हीच स्थिती दिसते.

परिसर भेटीला जाणार असाल तर प्राणी दिसण्याची वाट बघू नका, खुणा शोधा. ओल्या चिखलात पाच बोटांचा ठसा दिसला तर तो पाणमांजराचा असू शकतो. कुत्र्याच्या ठशात चारच बोटं उमटतात. खडकावर किंवा बांधावर विष्ठा असेल आणि तिच्यात माशांची खवलं, काटे, खेकड्याच्या कवचाचे तुकडे असतील तर ती बहुधा त्याचीच. मुलांनी ती हातानं उचलायची नाही, लांबूनच बघायची. बिळाजवळ जायचं नाही. भरती-ओहोटीची वेळ आधी विचारून घ्या आणि गावातला एखादा जाणकार कोळी सोबत न्या. तो आपल्यापेक्षा जास्त शिकवतो.

पालकांसाठी

पालकहो, मुलं घरी येऊन तुम्हाला प्रश्न विचारतील. रागावू नका. पुढच्या गोष्टी मोठ्यांनीच करायच्या आहेत, मुलांनी औषधांना हात लावायचा नाही.

• फवारणीचा पंप ओढ्यात, विहिरीजवळ किंवा नदीत धुऊ नका.

• औषधाची बाटली रिकामी झाली की तीन वेळा विसळा आणि ते पाणी पंपातच ओता. बाटलीला भोक पाडून ती निकामी करा. तीत तेल, रॉकेल, पिण्याचं पाणी काहीही भरू नका.

• ब्लीचिंग पावडर किंवा कीटकनाशक टाकून मासे मारू नका, कुणी मारत असेल तर थांबवा. त्यात मोठ्या माशांबरोबर पिल्लं, खेकडे, किडे सगळं मरतं, आणि ते मासे आपल्याच ताटात येतात. चिंचोक्यांच्या खेळात पाणमांजराच्या जागी माणूस ठेवून बघा.

• ओढ्यात एकदम खूप मासे मेलेले दिसले तर ते खायला आणू नका. ग्रामपंचायतीला आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाला कळवा. तारीख, वेळ, जागा लिहून ठेवा, फोटो काढा. इंग्लंडमधलं कोडं जुन्या वह्यांतल्या नोंदींमुळेच सुटलं होतं.

मूल्यमापनासाठी प्रश्न

१. पाण्यात विष थोडंच होतं, तरी पाणमांजराच्या अंगात जास्त का साठलं? चित्र काढून सांगा.

२. २,९४० पैकी १७० म्हणजे शेकडा किती?

३. शेतकरी, कोळी आणि पाणमांजर या तिघांना नदीकडून काय हवं आहे? तिघांना सारखंच हवं असं काय आहे?

४. घरातल्या मोठ्या माणसांना विचारा : तुमच्या लहानपणी नदीत किंवा खाडीत कोणते प्राणी दिसायचे जे आता दिसत नाहीत? शेवटचे कधी दिसले?

चौथ्या प्रश्नाची उत्तरं एका वेगळ्या वहीत उतरवून घ्या. वहीवर गावाचं आणि नदीचं नाव लिहा, प्रत्येक नोंदीला तारीख घाला आणि ती वही शाळेच्या कपाटात ठेवा. मे महिन्याच्या शेवटच्या बुधवारी जागतिक पाणमांजर दिन असतो. तेव्हा शाळांना सुट्टी असते, म्हणून आमच्याकडे ही वही जूनमध्ये शाळा सुरू झाली की बाहेर निघते आणि नव्या चौथीची मुलं तीत पुढच्या नोंदी करतात.